गुग्गुळ : देवघरातला, बटव्यातला आणि कॅप्सूलमधला

निखाऱ्यावर चिमूटभर गुग्गुळ टाकला की घरभर पसरणारा तो गोडसर-कडवट वास मराठी घरांना नवा नाही. संध्याकाळच्या धुपात तो असतो, बाळ-बाळंतिणीच्या धुरीत असतो. सोलापूरकडच्या लिंगायत घरांत लग्नकार्याच्या वेळी वीरभद्राचा 'गुग्गुळ' निघतो. गुडघे धरले की शेजारपाजारचे कोणीतरी योगराज गुग्गुळाची डबी हातावर ठेवतेच. अलीकडे त्यात कॅप्सूलची भर पडली आहे. 'कोलेस्टेरॉल घटवा, रक्तवाहिन्या साफ करा' असे वेष्टणावर लिहिलेल्या या कॅप्सूल औषधांच्या दुकानात आणि मोबाइलवरूनही, कोणाच्याही चिठ्ठीशिवाय मिळतात.

त्यामुळे सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न आम्हाला वरचेवर ऐकावा लागतो. "डॉक्टर, कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून गुग्गुळ घेतला तर चालेल का?"

थोडक्यात उत्तर 'नाही' असे आहे. पण एवढे सांगून भागत नाही, कारण गुग्गुळ ही भाकडकथा नव्हे. आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी काही दशके खपून ज्या मोजक्या पारंपरिक औषधांना आधुनिक कसोटीवर उतरवले, त्यांत गुग्गुळाचा क्रम बराच वरचा आहे. त्या कसोटीत काय निघाले, हे ज्याला ठाऊक आहे तो गुग्गुळाला हसणार नाही आणि आंधळेपणाने गिळणारही नाही.

झाडाच्या जखमेवरचे औषध

गुग्गुळाचे झाड म्हणजे माणसाच्या उंचीचे, फार तर त्याहून थोडे मोठे, काटेरी, वेड्यावाकड्या फांद्यांचे झुडूप. वर्षाचा बराच काळ त्यावर पानही नसते. साल कागदासारखी सुटते. शास्त्रीय नाव कॉमिफोरा वायटी. जुन्या पुस्तकांत ते कॉमिफोरा मुकुल या नावाने सापडते. कच्छ, सौराष्ट्र, राजस्थानचा वाळवंटी पट्टा आणि पलीकडे सिंध-बलुचिस्तान हे त्याचे खरे घर. जिथे पाऊस कमी आणि जमीन खडकाळ, तिथे ते तग धरते.

या झाडाच्या सालीत बारीक नलिका असतात. सालीला चीर पडली की त्यांतून पिवळसर, चिकट द्रव झिरपतो आणि हवा लागून घट्ट होतो. झाडासाठी हे मलमपट्टीसारखे आहे. जखम बुजते, बुरशी आणि कीड आत शिरत नाही. हाच घट्ट झालेला स्राव आपण गुग्गुळ म्हणून विकत घेतो.

यात तीन गोष्टी एकत्र असतात. पाण्यात विरघळणारा डिंक, पाण्यात न विरघळणारी राळ आणि उडून जाणारे सुगंधी तेल. निखाऱ्यावर टाकल्यावर वास येतो तो मुख्यतः तेलाचा आणि राळेचा. औषधी गुणांसाठी ज्यांचा अभ्यास झाला ती द्रव्ये राळेच्या भागात असतात. बाळंतिणीला गुळाबरोबर देतात तो हिराबोळ याच कुळातल्या एका भावंडाचा डिंक आहे. आपल्या सातपुड्यात आणि विदर्भाच्या कोरड्या जंगलांत वाढणारी साळईही याच घराण्यातली. तिच्या डिंकाला काही ठिकाणी 'साळई गुग्गुळ' म्हणतात, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. दुकानात नुसता 'धूप' मागितला तर राळ, ऊद, साळई किंवा गुग्गुळ यांपैकी काहीही पुडीत पडू शकते. धुपासाठी त्याने फारसे बिघडत नाही, पोटात घ्यायचे असेल तर मात्र बिघडते.

सुश्रुतांपासून सशांपर्यंत

गुग्गुळाचा उल्लेख अथर्ववेदात आहे. पण आधुनिक संशोधनाला धागा मिळाला तो सुश्रुतसंहितेतून. अति खाणे, बसून राहणे, त्यातून मेद वाढणे, त्याने शरीरातले मार्ग अडणे आणि पुढे व्याधी होणे, अशी मेदोरोगाची साखळी तिथे वर्णन केली आहे आणि त्यावरच्या उपायांत गुग्गुळ येतो. बनारस हिंदू विद्यापीठात आयुर्वेदातील एमडीच्या प्रबंधाचे काम करणाऱ्या डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना ही साखळी आजच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराशी जुळती वाटली. त्यांनी सशांना वनस्पती तूप खाऊ घालून कोलेस्टेरॉल वाढवले आणि त्यांतल्या काहींना गुग्गुळ दिला. गुग्गुळ मिळालेल्या सशांचे कोलेस्टेरॉल कमी राहिले, रक्तवाहिन्याही तुलनेने चांगल्या राहिल्या. हा प्रबंध १९६६ सालचा. सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

मग रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दीर्घकाळ काम केलेले डॉ. सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये गुग्गुळाच्या राळेतील स्टेरॉइड जातीच्या द्रव्यांची ओळख पटवली. त्यांना आज 'गुग्गुलस्टेरोन' म्हणतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यांचे प्रमाण ठरवून दिलेला अर्क बनवला, त्याचे नाव 'गुगुलिपिड'. प्राण्यांवरील आणि माणसांवरील चाचण्यांनंतर ऐंशीच्या दशकात भारतात त्याला कोलेस्टेरॉलवरील औषध म्हणून परवानगी मिळाली. १९८९ मध्ये देशातील अनेक केंद्रांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्के आणि ट्रायग्लिसराइड सुमारे १७ टक्के उतरले, म्हणजे त्या काळी वापरात असलेल्या क्लोफायब्रेट या औषधाच्या जवळपास.

इथवरची कहाणी अभिमान वाटावा अशीच आहे. एक जुना श्लोक, एका तरुण संशोधिकेची नजर, पुढे रसायनशाळा, प्राणी, माणसे आणि शेवटी औषध. परंपरेतून औषध शोधण्याचा रस्ता असाच असायला हवा.

२००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकन संशोधकांनी गुग्गुलस्टेरोन नेमके कुठे काम करते हेही दाखवले. यकृतात पित्ताम्लांची पातळी ओळखणारा 'एफएक्सआर' नावाचा एक ग्राहक असतो. कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर किती करायचे, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. गुग्गुलस्टेरोन त्याला अडवते. ज्या उंदरांत हा ग्राहकच नव्हता, त्यांच्यावर गुग्गुलस्टेरोनचा परिणाम झाला नाही. आता कुलूप सापडले, किल्लीही सापडली, असे वाटू लागले.

परदेशातली परीक्षा

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांची चाचणी प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकाला गुगुलिपिडची नेहमीची मात्रा, दुसऱ्याला दुप्पट मात्रा आणि तिसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते.

आठ आठवड्यांनी एलडीएल, म्हणजे आपण ज्याला 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो ते, मोजले. बिनऔषधाच्या गोळीच्या गटात ते ५ टक्के उतरले होते. गुगुलिपिड घेणाऱ्यांत उतरण्याऐवजी ४ ते ५ टक्के वाढले होते. शिवाय गुगुलिपिड घेणाऱ्यांपैकी सहा जणांच्या अंगावर ॲलर्जीचे पुरळ उठले, दुसऱ्या गटात एकालाही नाही.

२००९ मध्ये नॉर्वेतून ४३ जणांची, बारा आठवड्यांची एक चाचणी आली. तिच्यात एकूण कोलेस्टेरॉल थोडे उतरले, पण त्यासोबत 'चांगले' एचडीएलही उतरले आणि ज्याची काळजी असते ते एलडीएल जागचे हलले नाही.

असे का झाले?

हे वाचून दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. एक, 'परदेशी लोकांनी आपल्या औषधाला मुद्दाम खाली पाडले.' दुसरी, 'बघा, आयुर्वेदात काही नाही.' दोन्हींत घाई आहे.

आपल्याकडच्या जुन्या चाचण्यांतल्या काही खुल्या होत्या, म्हणजे कोण काय घेतो आहे हे सगळ्यांना माहीत होते. अशा चाचणीत सामील झालेला माणूस नकळत सुधारतो. तूप-तळण कमी करतो, फिरायला लागतो, डॉक्टरही त्याला बजावत राहतात. अमेरिकेतल्या चाचणीत औषध न मिळालेल्यांचेही एलडीएल ५ टक्के उतरले, ते यामुळेच घडू शकते. म्हणून तर तुलनेला बिनऔषधाचा गट लागतो. त्याच्याशिवाय 'मला गुण आला' या वाक्यातून औषधाचे श्रेय किती आणि पथ्याचे किती, हे वेगळे काढता येत नाही.

आहाराचा फरक आहे, शरीरप्रकृतीचा असू शकतो, अर्क कसा काढला याचाही असतो. उंदराचे यकृत आणि माणसाचे यकृत पित्ताम्ले सारखी बनवत नाहीत. कुलूप-किल्लीचा शोध खरा असला तरी त्याने माणसाच्या हृदयाचे दार उघडेलच असे नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तर या चाचण्यांनी विचारलेलाच नव्हता. रक्तातला आकडा उतरणे ही पहिली पायरी. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू कमी होतात का, ही शेवटची. गुग्गुळाची तिथवर परीक्षा झालेली नाही.

स्टॅटिन जातीच्या गोळ्यांची ती झाली आहे, लाखाहून अधिक रुग्णांवर, वर्षानुवर्षे. एलडीएल साधारण ४० मिलिग्रॅमने उतरले की झटका आणि पक्षाघातासारखे मोठे प्रसंग सुमारे पंचमांशाने कमी होतात, असा त्याचा हिशेब निघाला आहे. हा फरक रुग्णाला सांगितलाच पाहिजे.

कारण त्याची किंमत आम्ही वॉर्डात पाहतो. मध्यंतरी एक निवृत्त शिक्षक छातीत दुखू लागल्याने दाखल झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला होता. स्टॅटिन त्यांनी काही महिन्यांपूर्वी आपल्या मनाने थांबवली होती आणि त्या जागी गुग्गुळाच्या कॅप्सूल सुरू केल्या होत्या. "ती गोळी केमिकलची डॉक्टर, ही आपली झाडाची," ते म्हणाले. शिकलेला, पेपर वाचणारा माणूस. घरच्यांनी वेळेत आणले म्हणून निभावले.

त्यांना मी जे सांगितले ते इथेही सांगतो. पहिले स्टॅटिन १९७० च्या दशकात जपानचे अकिरा एंडो यांनी शोधले ते बुरशीतून. भाकरीला येते ना, त्याच जातकुळीच्या बुरशीतून. म्हणजे तीही निसर्गाचीच. उलट गुग्गुलस्टेरोन हेही शेवटी एक रसायनच. निसर्ग आणि केमिकल अशी भिंत औषधात नसते. किती मात्रेत, कोणाला, किती काळ दिले आणि काय झाले हे मोजले आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो.

सांध्यांचे काय?

गुग्गुळाचा सर्वाधिक वापर आजही सांधेदुखीसाठी होतो. योगराज, सिंहनाद, लाक्षादी, त्रयोदशांग अशी अनेक गुग्गुळयुक्त औषधे वैद्य देतात. प्रयोगशाळेत गुग्गुळाचा सूज कमी करण्याचा गुण दिसतो. गुडघ्याच्या झिजेवर नुसता गुग्गुळ देऊन केलेले अभ्यास मात्र छोटे आहेत. अशाच तीस रुग्णांच्या एका अभ्यासात दुखणे कमी झाले, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणून 'उपयोग असू शकतो' याच्या पुढे जाता येत नाही.

या बाबतीत आपल्या साळईची बाजू जास्त भक्कम आहे. तिच्या राळेतील बॉस्वेलिक आम्ले सूज निर्माण करणाऱ्या एका विकराला आवर घालतात. गुडघ्याच्या झिजेवर साळईच्या अर्काची बिनऔषधी गोळीशी तुलना करणारी, तीस रुग्णांची एक चाचणी नागपूरच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. दुखणे आणि सूज कमी झाली, चालणे सुधारले. पुढे अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही दुखणे काही अंशी कमी होते असे दिसले. झिजलेली कूर्चा परत येत नाही, पण वेदनाशामकांनी ज्यांचे मूत्रपिंड किंवा जठर बिघडते, अशा वृद्धांसाठी हा थोडा आरामही मोलाचा आहे.

औषध आहे, म्हणून जपून

'फायदा नाही झाला तरी तोटा नाही' हे वाक्य मला सर्वांत धोक्याचे वाटते. ज्याचा शरीरावर परिणाम होतो, त्याचा नको तिथेही परिणाम होऊ शकतो. आयुर्वेदाच्या ग्रंथकारांना हे पक्के ठाऊक होते. त्यांनी नवा गुग्गुळ आणि जुना गुग्गुळ यांचे गुण वेगळे सांगितले. एक पुष्टी देणारा, दुसरा मेद खरवडणारा. कच्चा गुग्गुळ पोटात द्यायचा नाही, त्रिफळ्याच्या काढ्यासारख्या द्रवात शिजवून, गाळून शोधन करूनच द्यायचा, असा दंडक घातला. गुग्गुळ चालू असताना आंबट-तिखट, मद्य, ऊन, अतिश्रम, इतकेच काय रागही टाळा, असे पथ्य लिहिले. वेष्टणावर 'दुष्परिणाम नाहीत' असे छापणारे यातले काहीही छापत नाहीत.

आधुनिक अभ्यासांतून आणखी काही गोष्टी पुढे आल्या आहेत.

त्वचेवर पुरळ, जुलाब, मळमळ, डोकेदुखी हे नेहमी आढळणारे त्रास. पुरळ उठल्यास औषध लगेच थांबवावे.

यकृताकडे परक्या द्रव्यांची विल्हेवाट लावणारी विकरे असतात. गुग्गुळ त्यांतल्या काहींना चेतवतो. त्यामुळे सोबत चालू असलेली दुसरी औषधे शरीरातून लवकर बाहेर टाकली जाण्याची शक्यता असते. १९९४ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांवर हे तपासले. गुगुलिपिड दिल्यावर डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाब व हृदयाच्या औषधांची रक्तातली पातळी घटली. म्हणजे रुग्ण गोळी नियमित घेतो, आम्ही मात्रा वाढवत राहतो आणि रक्तदाब का उतरत नाही याचे उत्तर त्याच्या घरातल्या डबीत असते. गर्भनिरोधक गोळ्या, अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधे आणि एचआयव्हीची औषधे घेणाऱ्यांनीही याच कारणाने गुग्गुळ टाळावा.

प्राण्यांवरील प्रयोगांत गुग्गुलस्टेरोनने थायरॉइड ग्रंथीला चालना दिल्याचे दिसले आहे. 'थायरॉइडसाठी चांगला' म्हणून तो विकला जातो तो याच आधारावर. पण थायरॉक्सिनची गोळी चालू असलेल्याने वर गुग्गुळ घेतला तर मात्रेचे गणित चुकू शकते, आणि ज्यांची ग्रंथी आधीच जास्त काम करते त्यांना तो घातक ठरू शकतो.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आठवणीने सांगावे. गरोदर स्त्रीने गुग्गुळ पोटात घेऊ नये. पाळी आणण्यासाठी त्याचा वापर परंपरेत होत आला आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

डबीवरचे नाव नीट वाचा

'गुग्गुळ' या शब्दाखाली वीसेक वेगवेगळी औषधे येतात. त्रिफळा गुग्गुळ, कैशोर गुग्गुळ, गोक्षुरादी गुग्गुळ यांत मुख्यतः वनस्पती असतात. 'योगराज' आणि 'महायोगराज' या नावांत मात्र एका शब्दाचा फरक असला तरी औषधांत मोठा फरक आहे. महायोगराजाच्या शास्त्रोक्त पाठात नागभस्म म्हणजे शिसे आणि रससिंदूर म्हणजे पारा, शिवाय इतर धातूंची भस्मे असतात. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन भागात दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते.

जाणकार वैद्याने तपासून, ठरावीक दिवसांसाठी दिलेले औषध वेगळे. शेजारणीला गुण आला म्हणून वर्षभर आपल्या मनाने चालू ठेवलेली डबी वेगळी. पोटात कळा येतात, पंडुरोग हटत नाही, हातापायांत शक्ती नाही आणि कारण सापडत नाही, अशा रुग्णाला आम्ही 'घरी कोणती पुडी, भस्म, गोळी चालू आहे?' असे दोन-तीनदा विचारतो. पहिल्यांदा उत्तर बहुतेक 'काही नाही' असेच येते. लोक खोटे बोलत नाहीत. त्यांच्या लेखी ते औषधच नसते.

बाळाची धुरी

आता शेगडीकडे. बाळाला न्हाऊमाखू घालून ओवा, वावडिंग, ऊद, गुग्गुळ यांची धुरी देण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. त्यामागे माया आहे. ओल्या हवेत बाळ उबदार राहावे, किडे-डास दूर राहावेत, हा विचारही जुन्या काळात योग्य होता. गुग्गुळाच्या तेलात जंतूंना रोखणारे गुण प्रयोगशाळेत दिसतातही.

पण निखाऱ्यावर जळताना तेलाबरोबर बारीक धूलिकण आणि कार्बन मोनॉक्साइड वायूही बाहेर पडतो. या वायूला वास नसतो, त्यामुळे धुपाच्या सुगंधात त्याचा पत्ता लागत नाही. नवजात बाळ मिनिटाला चाळीस ते साठ वेळा श्वास घेते, आपल्या दुपटी-तिपटीने. बाळंतिणीची खोली दारे-खिडक्या लावून बंद केलेली. त्यात पावसाळ्यात सर्दी-खोकल्याची साथ. धुरीनंतर श्वास लागलेली बाळे बालरोग विभागात येतात, हे तिथले सहकारी नेहमी सांगतात. दमेकरी आजोबांनाही हाच धूर बाधतो.

आजीला सरळ 'बंद करा' म्हटले तर ती दुखावते, आणि आपण घराबाहेर पडलो की धुरी होतेच. तिला सांगावे की उब हवी तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून दोघांवर पांघरूण घाला, त्याहून चांगली उब नाही. डासांसाठी मच्छरदाणी लावा. धूप लावायचाच असेल तर बाळ दुसऱ्या खोलीत असताना, खिडक्या उघड्या ठेवून, चिमूटभर. देवाला तेवढा पुरतो.

आणि ते झाड

गुग्गुळाच्या झाडाची वाढ फार संथ आहे. डिंक काढण्याजोगे व्हायला त्याला आठ-दहा वर्षे लागतात आणि एका हंगामात मिळतो काहीशे ग्रॅम. हिवाळ्यापासून पावसाच्या आधीपर्यंत खोडाला चिरा देऊन तो गोळा करतात. जाणता माणूस हलक्या चिरा देतो, झाडाला विश्रांती देतो. पण मागणी वाढली तशा चिरा खोल गेल्या, जास्त डिंक सुटावा म्हणून जखमेवर रसायने लावली जाऊ लागली. असे झाड एकदा भरभरून देते आणि मग वाळून जाते.

आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत गुग्गुळ 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला आहे. जंगलातून नाहीसा होण्याआधीची ही शेवटची पायरी. फांदीच्या कलमापासून त्याची लागवड होते. गुजरात-राजस्थानात तसे प्रयत्न सुरू आहेत, पण लागवडीचे फळ हाती यायला दशक जाते. माल कमी आणि मागणी जास्त, त्यामुळे साळईपासून इतर कोणत्याही डिंकापर्यंत भेसळ होते. म्हणजे ज्या कॅप्सूलवर भरवसा ठेवून एखाद्याने हृदयाची गोळी सोडली, तिच्यात खरा गुग्गुळ किती आहे हाही प्रश्नच.

एलडीएल उतरेल याची खात्री नाही, झटका टळेल याचा पुरावा नाही, अशा वापरासाठी वाळवंटातले दहा वर्षांचे झाड वाळवावे का, याचाही विचार औषध लिहिणाऱ्याने आणि घेणाऱ्याने करायला हवा.

मग करायचे काय?

• हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह किंवा खूप वाढलेले एलडीएल असेल तर स्टॅटिन आपल्या मनाने बंद करू नका. स्नायू दुखत असतील, शंका असेल तर डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येते. सरकारी रुग्णालयांत ही गोळी मोफत मिळते.

• कोलेस्टेरॉल थोडेच वाढले असेल तर कॅप्सूलआधी वनस्पती तूप, बेकरीचे पदार्थ आणि पुन्हापुन्हा तापवलेले तेल कमी करा. डाळी, भाज्या, रोजचे अर्धा-पाऊण तास चालणे वाढवा. सुश्रुतांनी मेदोरोगाचे मूळ अति खाण्यात आणि बसून राहण्यात सांगितले आहे. ते मूळ तसेच ठेवून नुसता गुग्गुळ घेणे त्यांनाही मान्य झाले नसते.

• सांध्यांसाठी गुग्गुळ किंवा साळई घ्यायची असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून, ठरावीक मुदतीसाठी घ्या. मुदत संपल्यावर फरक पडला का, हे प्रामाणिकपणे पाहा. नसेल पडला तर थांबवा.

• गरोदरपण, थायरॉइडचा विकार, यकृताचा आजार, रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधे यांपैकी काही असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

• डॉक्टरांकडे जाताना घरातली प्रत्येक डबी, पुडी, कॅप्सूल पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक असो, होमिओपॅथिक असो की दुकानदाराने दिलेली. आम्ही रागावलो तरी चालेल, पण दाखवा.

गुग्गुळाला आपण दोन हजारांहून अधिक वर्षे औषध म्हणत आलो आहोत. तो मान राखायचा असेल तर त्याला औषधासारखेच वागवले पाहिजे. मात्रा मोजून, मुदत ठरवून आणि डॉक्टरांना सांगून.